नखाची परीक्षा

टेम्पो अकराला येणार आहे द्वारका चौकातून,
आणि शेगडी अजून तशीच.
बाकी सगळं खोक्यांत गेलं, झारा, चाळणी,
निलोफर विसरून गेली ती एक चप्पलसुद्धा.
उरली ही काळी काच, तीन बर्नरची,
पाथर्डी फाट्याच्या या दुसऱ्या मजल्यावर
चार वर्षं जिच्यात आम्ही तोंडं पाहिली
आणि जिच्यावर सांडलो.

करारात लिहिलंय: शेगडी होती तशी परत.
होती कशी, ते कुणाला आठवतंय?

आधी सोडा. खायचाच, भुरभुरून.
त्यावर गरम पाण्यात पिळलेलं फडकं झाकायचं
आणि पंधरा मिनिटं गप्प बसायचं.
हे गप्प बसणंच जमत नाही कुणाला.
निलोफर तारेची घासणी घेऊन धावायची,
मी मनगट धरून म्हणायचे, थांब,
काच आहे ती, तुझ्या फुफीची कढई नाही.

अंबडला मी दिवसभर हेच करते.
गाड्यांच्या दिव्यांच्या काचा, एकामागून एक,
ट्यूबलाइटखाली तिरक्या धरायच्या.
डाग वेगळा, ओरखडा वेगळा.
डोळ्याला दोन्ही सारखेच,
म्हणून नख फिरवायचं, अलगद.
अडखळलं तर डाग. तो वर बसलाय, निघेल.
बुडालं तर ओरखडा.
तो काढता येत नाही,
त्याच्या भोवतीची काच तेवढी काढता येते.

फडकं उचललं.
डाव्या बर्नरभोवतीचं पिवळं कडं मऊ पडलंय.
ते ईदचं दूध. शेवया, खारका, चारोळी
आणि मालेगावहून अम्मीचा फोन चालूच,
आता घाल, आता नको,
तेवढ्यात दूध चढत गेलं दुतोंड्या मारुतीच्या
गुडघ्याला, कमरेला, छातीला,
आणि आम्ही दोघी पुलावरच्या माणसांसारख्या
नुसत्या बघत राहिलो.
पुसलं. गेलं.
इतकं सहज जाईल असं वाटलं नव्हतं,
थोडा रागच आला.

मधला गुळाचा. संक्रांतीचा, माझा.
सात डिग्रीत बोटं आखडलेली, पाक पुढे गेला.
जळलेला गूळ काचेवर काच होऊन बसतो.
त्याला साबणाचं पाणी, मग पातं,
तिरपं, जवळजवळ झोपवलेलं.
कोरड्यावर कधीच नाही.
खपली सुटते तेव्हा बारीक कर्र होतं
आणि दोन जानेवारींमागचा वास येतो.

तिसरा उजव्या कोपऱ्यात. अंगठ्याएवढा, वाकडा.
सोडा. व्हिनेगर. लिंबू. टूथपेस्ट.
शेजारच्या कुवरताईंचं कसलंसं निळं पाणी.
शेवटी नख फिरवलं.
बुडालं.

साडेदहाला दुसाने आले, सराफ बाजारातून थेट,
हेल्मेट काखेतच.
खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं,
शेगडीला! मी हसू दाबलं.
वाकले, जुन्या बांगडीचा कस बघावा तसे,
बराच वेळ वाकलेलेच.
"हा तुमचा नाही," म्हणाले.
"बिडाचा तवा निसटला आमच्या हिच्या हातून.
शेगडी बसवली त्याच आठवड्यात.
मी फार बोललो होतो तिला."

कोपऱ्यावर एकदा नख फिरवलं. परत एकदा.
मग सिंकचा नळ उघडून बंद केला,
गळतोय म्हणाले, त्याचे तीनशे कापले,
बाकीचे दोनदा मोजून दिले, थुंकी लावून.

खाली हॉर्न वाजला.
जाता जाता मी एक फोटो काढला:
काचेत पंखा, खिडकीतला हायवेचा पूल,
माझा अर्धा हात.
निलोफरला पाठवला.

टेम्पो सिडको ओलांडत होता, तेव्हा उत्तर आलं:
ही कुणाची शेगडी?